लुसेलीला कडेवर कोण घेणार

हेसेलचाकान, ३ फेब्रुवारी १९८४

ती. गास्पारदादा यांस,
धाकट्या मिर्नाचा सा. न. वि. वि.

इसामालच्या मातेच्या कृपेनं इकडे सगळे बरे आहेत, एक रेमिहिओचा पाय सोडून. मागच्या आठवड्यात रान तोडताना कुऱ्हाड निसटली. जखम खोल नाही, पण त्याला झुल्यात पडून राहावं लागतंय आणि पडल्यापडल्या तो मला स्वयंपाक शिकवतोय. शेंगा किती वेळ शिजवायच्या हे लग्नानंतर आठ वर्षांनी मला पहिल्यांदाच कळलं. त्याचा पाय लवकर बरा व्हावा म्हणून मी रोज मेणबत्ती लावते, ती त्याच्यापेक्षा माझ्यासाठीच आहे.

आता मुद्द्याचं. लुसेलीला या महिनाअखेरीस तीन महिने होतात. मुलीचं हेट्समेक तिसऱ्या महिन्याचं, चुलीचे दगड तीन म्हणून. मुलाचं चौथ्या महिन्यात, शेताचे कोपरे चार म्हणून. हे तुला मी काय सांगणार? तोवर पोरीला आडवंच धरायचं, पाय फाकवून कडेवर कुणी घ्यायचं नाही. सासूबाई पहाऱ्यावरच असतात. परवा शेजारीण नुसती हात पुढे करून आली, तर तिला त्यांनी वाडग्यातल्या टर्कीसारखं हाकललं.

लुसेलीला पहिल्यांदा कडेवर तू आणि देल्फिनावहिनीनं घ्यावं अशी माझी आणि रेमिहिओची इच्छा आहे. पहिल्या मुलाला ज्यांनी घेतलं, त्यांनाच पाठच्याला विचारायचं ही आपली रीत. पण नुसती रीत आहे म्हणून विचारत नाही. आमचा आबेल गेल्यापासून तू आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला नाहीस. मेरिदाहून इथे यायला तुझ्या गाडीला दीड तास लागत नाही, आणि तुला तीन वर्षं लागली. वहिनी बसनं येते, चॉकलेट देते, तू कामात आहेस म्हणते आणि नजर चुकवते. दादा, मला माझा भाऊ घरात हवाय.

खरं तर आम्ही दोघांनी पाव आणि चॉकलेट घेऊन तुझ्या दारात यायला हवं होतं. रेमिहिओचा पाय असा, आणि हेट्समेकच्या आधी पोरीला गावाबाहेर काढायला सासूबाई तयार नाहीत. म्हणून तिबुर्सियोच्या बसमधून टोपली पाठवतेय, सोबत हे पत्र. पाव पोमुचचे आहेत, बडीशेपेचे. टोपली ठेवून घेतलीस तर होकार. परत पाठवायची असेल तर एकही पाव मोडायचा नाही, हे तुला ठाऊक आहे. पण परत पाठवू नकोस.

वहिनीला नमस्कार. माया आहे, ती आटू देऊ नये एवढं मागणं.
तुझी धाकटी,
मिर्ना


उश्माल, ६ फेब्रुवारी

चि. मिर्ना हिस,
अ. उ. आ. वि. वि.

टोपली मिळाली. काल सकाळी बसस्थानकापाशी पेट्रोल भरत होतो, तर आपला तिबुर्सियो बस घेऊन समोर. खिडकीतूनच टोपली माझ्या छातीवर आदळली, मिर्नाकडून एवढंच ओरडला आणि भोंगा वाजवत गेला. बसवाला चुलतभाऊ असला की टपाल असं अंगावर येतं. पाव आणि चॉकलेट बघून मी चाट पडलो. सणवार नाही, काही नाही, बाईसाहेबांना भावाची एकदम आठवण कशी झाली? नक्की रेमिहिओला नवीन झुला हवा असणार. त्याला म्हणावं, जुना विणून घे.

या वेळी गाडीत फिरायला आलेल्या दोन बहिणी आहेत, मोंतेर्रेच्या, दोघी निवृत्त शिक्षिका. थोरली दोन्या ओफेलिया, धाकटी दोन्या क्लेमेंसिया. थोरलीला प्रत्येक पायरी चढायची असते आणि धाकटीला पायथ्याशी सावलीत बसून खायचं असतं. आज दोन्या ओफेलिया साखळी धरून मोठ्या पिरॅमिडवर चढली आणि वरून मला हाका मारून सांगू लागली की इथून सगळं रान दिसतं. एवढं रान दिसल्यावर ती उतरायला घाबरली. मी वर जाऊन तिला बसवत, एकेक पायरी सरकवत खाली आणलं. खाली येईपर्यंत क्लेमेंसियाबाईंनी तुझ्या टोपलीवरचं फडकं सोडलं होतं. भेदरलेल्या बहिणीला काहीतरी गोड द्यावं म्हणून तिनं पाव मोडला, मलाही दिला. तिथेच पायरीवर बसून आम्ही तिघांनी टोपली संपवली. इतका चांगला पाव मोंतेर्रेत मिळत नाही, हा निरोप तुला द्यायला सांगितलाय. चॉकलेट मात्र मी देल्फिनासाठी दडवून ठेवलंय.

उद्या कबाह. तिथली ती लांब नाकाच्या पर्जन्यदेवांची भिंत ओफेलियाबाई नाकं मोजून बघणार आहेत, असं आत्ताच जाहीर झालंय. मग लब्ना, आणि होपेलचेनवरून काम्पेचे. तिथे नेहमीच्याच लॉजात उतरेन, दोन्या चोनाच्या. जुनी शहरं सगळी त्या वाटेला, त्यामुळे तुमच्याकडून जाता येणार नाही. गैरसमज नको. हंगामाचे दिवस आहेत.

पोरीचा फोटो देल्फिनानं दाखवला. डोळे आपल्या आईचे घेतलेत. जप तिला.

रेमिहिओला नमस्कार सांग, आणि आठवण येत राहो.
तुझा दादा,
गास्पार


हेसेलचाकान, ९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न., विनंती बिनंती काही नाही.

पाव खाल्लास?

टोपलीबरोबर पत्र होतं. ते तिबुर्सियोच्या सदऱ्याच्या खिशात राहिलं. तुझं पत्र आल्यावर मी त्याला फाट्यावर गाठलं, तेव्हा त्यानं खिसा चाचपला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. दुसऱ्या दिवशी त्यानं ते वहिनीला नेऊन दिलं, वहिनीनं ते काम्पेचेला लॉजवर पाठवलं. म्हणजे हे आणि ते दोन्ही एकदमच तुझ्या हाती पडतील. आधी ते वाच, मग पुढे वाच.

वाचलंस? तर आता ऐक. मागणीचा पाव तू मोडलास, खाल्लास, आणि पाहुण्यांना वाढलास. याहून मोठा होकार मी तरी आयुष्यात ऐकला नाही. रेमिहिओ हसता हसता झुल्यातून पडता पडता राहिला. त्याच्या मते तू पिरॅमिडच्या पायरीवर सगळ्या पूर्वजांच्या साक्षीनं शब्द दिलायस, आता मागे फिरायची सोय नाही.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, पाव आधी त्या मोंतेर्रेच्या बाईनं मोडला, तेव्हा होकार तिचा; मग येऊ दे तिलाच कडेवर घ्यायला. वर आणखीही एक बोलल्या. लिहिणार नव्हते, पण लपवूनही ठेवणार नाही. म्हणाल्या की ज्याची कड एकदा लाभली नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा पोर का द्यायचं, तिबुर्सियो आणि त्याची बायको काय वाईट आहेत. मी तवा असा आपटला की पोरगी जागी झाली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी मिठामिरचीपुरतं बोलतोय.

आणि होपेलचेनची वाट! कबाह आणि लब्ना मला सांगू नकोस. लब्ना बघून मागे वळून आमच्याकडून काम्पेचेला जाणारे तुझे गाडीवाले मित्र चौकातल्या मांसवाल्याकडे कोचिनिता खाताना दर आठवड्याला दिसतात. तुझीच गाडी तेवढी दिसत नाही.

होकार पोटात गेलाच आहे, आता कागदावर दे. राग जाईपर्यंत माया थोडी कमी समजावी.
मिर्ना


पालेंके, १४ फेब्रुवारी

चि. मिर्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं काम्पेचेत मिळाली. सांगितलंस तसं आधी जुनं वाचलं. दोघी बहिणी तटावर समुद्र बघत हिंडत होत्या आणि मी लॉजच्या ओट्यावर बसून होतो. तिथून उत्तर लिहायला घेतलं ते फाडलं. एदझनाला पुन्हा लिहिलं, तेही फाडलं. आता हे तिसरं, आणि हे पाठवणारच.

इथे आम्ही अडकलोय. निळ्या धबधब्यांवर नेलं होतं. नेहमी सावलीत बसणाऱ्या क्लेमेंसियाबाईंना तिथे एकदम उत्साह आला, झगा गुडघ्यावर धरून त्या पाण्यात उतरल्या आणि घसरल्या. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. वैदू म्हणतो आठवडाभर हलायचं नाही. पहाटे रानात माकडं घुमायला लागली की त्या मला हाक मारून विचारतात वाघ आहे का. मी रोज सांगतो माकड आहे. त्यांना वाघच हवाय, परत जाऊन सांगायला बरं.

आता तुझं. पाव चुकून खाल्ला. न कळता दिलेला होकार हा होकार नसतो, आणि सासूबाईंवर रागावू नकोस, कारण त्या जे बोलल्या ते मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलोय. मिर्ना, मला भीती वाटते. हे मी देल्फिनालासुद्धा सांगितलेलं नाही. आबेलला पहिल्यांदा कडेवर घेतलं ते मी. सगळे हसत होते, आणि त्यानं माझी कॉलर धरून ठेवली होती. वर्षाचा व्हायच्या आत त्याला ताप चढला. काम्पेचेच्या इस्पितळातून त्याला परत आणलं, तेव्हा गाडीतून काढून घरात नेलं तेही मीच. ह्याच डाव्या बाजूला. पहिल्यांदा मी आणि शेवटीही मी. मग तुझ्या घरात कुठल्या तोंडानं येऊ? तू कधी काही म्हणाली नाहीस, म्हणून तर जास्तच वाटतं की मनात असणार.

वाटेत लोकांची पोरं गाडीपाशी येतात. मी त्यांना संत्री देतो, भोंगा वाजवू देतो, पण उचलून कुणाला घेत नाही. लुसेलीला काही झालं तर मी पुन्हा उभा राहणार नाही, आणि तूही नाही. तिबुर्सियो भला माणूस आहे, वेंधळा असला तरी. त्याला विचार.

पुढे एस्कार्सेगाला रस्ता फुटतो. एक उत्तरेला, काम्पेचे करून तुमच्या गावातून मेरिदाला. दुसरा पूर्वेला, बेकान, बाकालारचं तळं आणि तुलुम करत लांबून. बायकांशी पूर्वेचा रस्ता ठरलाय, मी त्यानंच जाणार. रागावलीस तरी चालेल, पण समजून घे.

पोरीला सुखी ठेव, आणि या भावाला जमलं तर क्षमा.
गास्पार


हेसेलचाकान, १८ फेब्रुवारी

ती. दादा यांस,
मिर्नाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र चुलीपुढे वाचलं. मक्याच्या पोळ्या जळल्या, आणि रेमिहिओनं एका शब्दानंही मला शिकवलं नाही, तेव्हाच कळलं की तोही माझ्याकडे बघत होता. पत्र त्याला दिलं. त्यानं ते वाचलं. मग एवढंच लिहायला सांगितलं की पाव त्यानं स्वतः लंगडत पोमुचला जाऊन आणले होते, आणि ते तुझ्यासाठीच आणले होते.

मनात असणार म्हणतोस. हो, मनात आहे. तू विचारायला आला असतास तर केव्हाच सांगितलं असतं. तू यायचं बंद केलंस, त्याचा राग आहे. मूल गेलं आणि मागोमाग भाऊ गेला. एकाच्या जाण्याला माझा इलाज नव्हता, पण दुसरा दीड तासावर होता आणि येत नव्हता. याला मी तीन वर्षं काय समजायचं? मला वाटायचं, माझ्या घरात दुःख आहे म्हणून तू टाळतोस.

आता आबेलचं ऐक. झुल्यात पडलेल्या पोराला काय दिसतं? झावळ्यांचं छप्पर आणि त्यातली पाल. चार महिने त्यानं तेवढंच बघितलं. तू त्याला कडेवर घेतलंस आणि त्याला सगळं दिसलं. टर्की दिसल्या, पाववाल्याची सायकल दिसली, माझा चेहरा सरळ दिसला. त्यानंतर त्याला कुणी आडवं घेतलं की तो भोकाड पसरायचा. झुल्याची दोरी धरून उठायला बघायचा. किती थोडे महिने मिळाले त्याला, पण त्यात तो भरपूर हिंडला. या कडेवरून त्या कडेवर, सगळ्या गल्लीत. ते तू त्याला दिलंस. तापानं नेलं त्याला, तू नाही. मी त्याची आई आहे, तुझ्या अंगात काही वाईट असतं तर मला तुझ्याआधी कळलं असतं.

आणि त्या शेवटच्या दिवसाचं. मी गाडीतून उतरू शकले नाही. रेमिहिओ दारात उभा होता, त्याचे हात पुढे होईनात. कुणीतरी आबेलला उचलायला हवं होतं. तू उचललंस, आणि झोपलेल्या पोराला नेतात तसं नेलंस. कुणा परक्यानं नेलं असतं तर मला ते कधीच सहन झालं नसतं. त्या दिवसाचं मला दुसरं काही आठवावंसं वाटत नाही, पण तेवढं आठवतं, आणि बरं वाटतं.

तिबुर्सियोला मी विचारणार नाही. माणूस बदलला की सगळं गाव समजेल, आम्ही तुला दोष दिला. मी दिलेला नाही, आणि कुणाला तसं समजूही देणार नाही. हेट्समेक २६ तारखेला, रविवारी सकाळी. वहिनी आदल्या दिवशी बसनं येतेय. तू आलास तर आनंद. नाही आलास तर लुसेलीला कुणीच कडेवर घेणार नाही. चौथा महिना लागला तर लागू दे. लोक म्हणतील पोरगी उशिरा चालेल, बुद्धी उघडणार नाही. म्हणू देत. सासूबाईंना हे सांगितलंय, त्या माझ्याशी आता मिठापुरतंही बोलत नाहीत.

एस्कार्सेगाचे दोन्ही रस्ते तुला पाठ आहेत. मी आणखी काही लिहीत नाही.

तुझ्यावर जीव आहे, तो तसाच आहे.
मिर्ना


एस्कार्सेगा, २४ फेब्रुवारी

सौ. मिर्नाबाई यांस,
मोंतेर्रेच्या ओफेलियाचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी आपला पाव मी खाल्लेला आहे. ती टोपली कशाची होती ते आज दुपारी कळलं, आणि तेव्हापासून मला तोंड दाखवायची लाज वाटते. चाळीस वर्षं मुलांना दुसऱ्याच्या डब्याला हात लावू नका म्हणून शिकवलं. खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त पाव मीच खाल्ले. पिरॅमिडवरून उतरल्यावर माझे हातपाय कापत होते, एवढीच सबब आहे.

आज इथल्या फाट्यावर पेट्रोल घेतल्यानंतर गास्पार गाडी सुरू करीनाच. आम्हाला वाटलं गाडी बिघडली. शेवटी तो खाली उतरला, टोपी काढून खिडकीशी आला आणि विचारलं की बाकालारचं तळं सोडून दिलं तर चालेल का, त्याला उत्तरेला जायचं आहे. मी कारण विचारलं. त्यानं आपल्या आबेलविषयी सांगितलं, मग मुलीविषयी, मग पावाविषयी. हे सगळं तिथेच, पंपावर उभ्याउभ्या. तळं तो आम्हाला पुढल्या खेपेला पैसे न घेता दाखवील म्हणाला. आमच्या वयात पुढली खेप कुठली? पण क्लेमेंसिया म्हणाली की तिला या प्रवासात पाणी पुरेसं बघून झालंय, आणि तिनं गुडघ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

आम्ही उद्या काम्पेचेत मुक्काम करून रविवारी सकाळी येतो. तो येईल की नाही याची काळजी करू नये. त्याला धीर होत नाही असं मधूनच दिसतं, पण गाडीचं तोंड उत्तरेकडे आहे, आणि मागच्या सीटवर आम्ही दोघी आहोत. मुलीच्या हातात त्या दिवशी वस्तू देतात असं कळलं. चालत असेल तर आमच्याकडून एक पेन्सिल. हे पत्र आधी पोचावं म्हणून उत्तरेच्या बसवाल्याकडे दिलं आहे, आणि त्यानं ते खिशात ठेवू नये म्हणून त्याच्या समोरच्या काचेला चिकटवलं आहे.

दोन अनोळखी म्हाताऱ्यांना पदरात घ्यावं.
आपली,
ओफेलिया


हेसेलचाकान, २ मार्च

ती. गास्पारदादा आणि सौ. देल्फिनावहिनी यांस,
मिर्ना, रेमिहिओ व चि. लुसेली यांचा सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं तिबुर्सियोकडून कळलं. या वेळी त्यानं निरोप बसमधून उतरून, घरात येऊन, खुर्चीवर बसून दिला. सुधारला. दोन्या क्लेमेंसिया विमानात कोचिनिताचा डबा मांडीवर घेऊन बसल्या हेही त्यानंच सांगितलं. परवा चौकातल्या मांसवाल्यानं मला थांबवून विचारलं की त्या लंगड्या बाई पुन्हा कधी येणार.

लुसेली आता ऐकत नाही. आडवी केली की कमान करते आणि ओरडते. सगळ्यांना तिनं कामाला लावलंय. ओफेलियाबाईंची पेन्सिल तिला कुठेही सोडायची नाही, झोपतानासुद्धा. टोक रेमिहिओनं मोडून टाकलंय. त्याचा पाय बरा आहे, शेतावर जातो, आणि माझा स्वयंपाक पुन्हा माझा झालाय.

पण हे पत्र लिहायचं कारण वेगळं. जाताना वहिनी मला म्हणाली की तुला या वेळच्या फेऱ्या फार लांबल्यासारख्या वाटल्या, मागच्या वेळी इतका वेळ लागला नव्हता. तू तिला म्हणालास की वय झालं असेल. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण सासूबाई जवळच होत्या. आता सांगते.

त्या सकाळी सासूबाई तुझ्याशी बोलल्या नाहीत ते तुला लागलं असेल. तू दारात टोपी हातात धरून उभा होतास, आणि त्या तुझ्याकडे बघून आत निघून गेल्या. वहिनीनं लुसेलीला घेतलं, तिन्ही दगडांपाशी नेलं, सुई दिली, डाव दिला, सगळं नीट झालं. मग तुझी पाळी. तू दोन्ही हात विजारीला पुसलेस. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, तू आता पळणार. पण वहिनीनं तुला वेळच दिला नाही, पोरगी तुझ्या डाव्या कडेवर बसवलीच. लुसेलीनं तुझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि तू चालायला लागलास.

टेबलावर भाजलेल्या भोपळ्याच्या बिया मांडल्या होत्या, नेहमीप्रमाणे नऊ. टेबलाभोवती एक फेरी झाली की एक बी खायची, बिया संपल्या की फेऱ्या संपल्या. तुझं लक्ष बियांकडे नव्हतं. हात पुढे करायचास, मिळेल ती तोंडात टाकायचास आणि पुढे जायचास. सगळा वेळ तू पोरीशी बोलत होतास. काय बोलत होतास ते कुणालाच ऐकू आलं नाही, पण ती ऐकत होती. चौथ्यापाचव्या फेरीला तुझा चेहरा सैल झाला. मग तू रडायला लागलास, आणि रडत रडतच चालत राहिलास. दोन्या ओफेलियांनी क्लेमेंसियाबाईंचा हात धरला होता. मी खाली बघत होते, म्हणून मला टेबलाची कडा दिसत होती.

दादा, शेवटची बी तू उचललीस आणि पाठ वळवलीस, तेव्हा सासूबाई पुढे आल्या. त्यांनी ओच्यातून आणखी एक बी काढली आणि टेबलावर ठेवली. तू फिरून आलास, ती खाल्लीस. त्यांनी दुसरी ठेवली. तिबुर्सियोच्या लक्षात आलं, तो काहीतरी बोलायला गेला. सासूबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं तोंड मिटलं. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं, पण कुणी हललं नाही. त्या एकेक बी ठेवत गेल्या आणि तू फिरत राहिलास, लुसेली तुझ्या खांद्यावर झोपून जाईपर्यंत. तेव्हाच त्यांनी ठेवायचं थांबवलं.

काल मी त्यांना विचारलं. त्या मका निवडत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, पोरीच्या नऊच होत्या. त्याच्या तीन वर्षांच्या राहिल्या होत्या.

जेवायला येत जा. बोलावणं आता करणार नाही.
तुझी,
मिर्ना